इंदूच्या पाट्यांवर माझं नाव

कर्जतला जाऊन आले म्हटलं की आमच्या बार्शीत लोक म्हणतात, "एवढ्या जवळ? मग इतके दिवस कुठं होतात?" त्यांना वाटतं नगरकडचं कर्जत. अहो ते नव्हे, रायगडातलं. घाट उतरल्यावर लागतं ते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, स्टेशनवरचा वडा खाल्ला का? खाल्ला. तळं पाहिलं? पाहिलं. आणि इंदू कशी आहे? इथं मी पदर सारखा करते आणि म्हणते, "बरी आहे."

त्या "बरी आहे"च्या पुढचं सांगायला आज बसलेय. तोंडानं सांगवत नाही.

शुक्रवार, दहिवली

इंदू म्हणजे माझी बार्शीची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. दोघींचं शिक्षण सातवीपर्यंत. पण वाचनालयात एकदा पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक हाताला लागलं, रंगीत चित्रांचं, आणि दोघींना वेडच लागलं बघा. एकेक अक्षर जुळवून नावं वाचायची, देवनागरीत लिहून काढायची, धुणं वाळत घालताना पाठ करायची. त्यातून आमचा एक खेळ तयार झाला. पाखरू दिसलं की जिला आधी दिसेल तिनं इंग्रजी नाव घ्यायचं आणि दुसरीनं लगेच मराठी नाव द्यायचं. लग्नात नाव घेतात ना, त्या ठसक्यात. एकीचं अडखळलं तर दुसरीनं हसायचं नाही, आपलं नाव जोडून तिचं पुरं करायचं. आमचं पहिलं पाखरू क्रो फेझंट, म्हणजे भारद्वाज. "ना धड कावळा, ना धड कोंबडा," असं म्हणून आम्ही किती हसलो असू.

इंदूचे यजमान गेले आणि मुलगी मंजू तिला दहिवलीला घेऊन गेली. कर्जत स्टेशनावरून नदीचा पूल ओलांडला की दहिवली. मोठाल्या इमारती झाल्यात आता. जावई भला माणूस आहे. पण जावयाचं घर ते जावयाचं घर, आपल्याकडच्या बाईला ते बोचतंच. इंदू तिथं पलंगाच्या कडेवर बसते, मांडी घालून ऐसपैस नाही. स्वतःच्या हातानं फ्रिज उघडत नाही. चहा झाला की कप लगेच विसळून पालथा घालते, जणू आत्ता उठून निघायचंच आहे.

मंजूनं मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, "मावशी, आई आली तेव्हा महिनोन्महिने बोलत नव्हती. मग एकदा खाली मुलांना कुठलंसं पाखरू दाखवलं, आणि तिथून सुरू झालं. आता दर रविवारी लोकांना नदीकाठी घेऊन जाते. सोसायटीत मला 'इंदूआजींची मुलगी' म्हणून ओळखतात, कळलं का?"

ते मी संध्याकाळी पाहिलंच. खाली उतरलो तर वॉचमनपासून लिफ्टमधल्या पोरीपर्यंत सगळे, "इंदूआजी, परवा यायचं ना?" आणि माझी इंदू, वर पलंगाच्या कडेवर बसणारी, खाली ताठ चालत होती.

नदीकाठच्या उंबरावर तांबड्या पंखांचं ते धूड हललं. इंदू ओरडली, "क्रो फेझंट!"

"भारद्वाज!" मी म्हटलं, आणि भर रस्त्यात दोघी म्हाताऱ्या गळ्यात पडलो.

आता खरं सांगते. "भारद्वाज" म्हणताना माझ्या जिभेवर दुसरंच आलं होतं. ग्रेटर कूकल. कारण ते पाखरू आता क्रो फेझंट राहिलेलं नाही.

झालंय असं, की जगभरातल्या पक्षीपंडितांनी बसून ठरवलंय, प्रत्येक पाखराला इंग्रजीत एकच नाव, साऱ्या जगात तेच. त्यांचं चुकलं असं नाही म्हणत मी. विलायतेत रॉबिन म्हणतात ते एक पाखरू, अमेरिकेत रॉबिन ते दुसरंच, आणि आपल्याकडचा रॉबिन तिसरा. एकानं पत्रातून दुसऱ्याला रॉबिन दिसला म्हणून कळवलं तर कळावं काय? आपल्याकडेच बघा, भारद्वाजाला आमच्याकडे कुंभारकावळा म्हणतात, कोकणात कुकुडकोंबा. तर त्या मंडळींनी जुनी नावं चाळून कुठं एक शब्द काढला, कुठं घातला. माझ्या नातसुनेनं ती यादी फोनमध्ये घालून दिली होती, आणि मी दुपारच्या दुपार बसून पाढ्यांसारखी पाठ केली होती. इंदूला हे ठाऊक नव्हतं. म्हटलं, सांगू निवांत. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या सांगता आलं असतं. पण आम्ही जुन्या गप्पांत रमलो, आणि मनात कुठंतरी असंही होतं की ही नावं अशी अंधारात कशाला घालवायची.

शनिवार, खालापूरकडचं तळं

सकाळी मंजूच्या गाडीतून निघालो. कर्जतहून चौकच्या रस्त्यानं खालापूर तालुक्यात शिरलं की आत एक गाव आहे. गावामागं डोंगर आणि डोंगराखाली तळं. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी हुरड्यात आलेली असते, नजर जाईल तिथवर उभं पीक. इथं भात कापून झालेला, खाचरांत नुसते खुंट, आणि त्या खुंटांमधून जमिनीच्या ओलीवर वाल वर आलेला. पाणी न देता पीक! मी दोनदा वाकून माती चिमटीत घेऊन पाहिली.

तिथल्या सुगंधा नावाच्या बाईनं आपल्या घराच्या पडवीला दोन खोल्या जोडून पाहुण्यांची सोय केली आहे. मुंबईचे लोक येतात, तळ्यावर फिरतात, तिच्या हातचं जेवतात. तळ्याच्या बांधावर पाखरांच्या नावांच्या पाट्या लावाव्यात, ही कल्पना तिची. नावं इंदूची. रंगवायचं काम सुगंधाच्या नवऱ्याचं. दत्तूभाऊ आधी टेंपोंच्या पाठीवर अक्षरं काढायचे, हात मोठा सुबक.

"या आजी, या मावशी, ऊन लागलं का?" सुगंधानं पाणी दिलं. "तुमचं लई ऐकलंय हां मावशी. आजी सारख्या बोलतात, आमची शकू आशी, आमची शकू तशी."

बांधावर गेलो आणि माझं मन भरून आलं. पिवळ्या पत्र्यांवर काळी अक्षरं. वर मोठं मराठी नाव, खाली इंग्रजी, कोपऱ्यात दत्तूभाऊंनी काढलेलं चित्र. खंड्याची चोच जरा जास्तच मोठी झाली होती.

"आजी, हात नका लावू, रंग वला हाय," दत्तूभाऊ ओरडले.

"आमी याला कुकुडकोंबा म्हणतो," सुगंधा भारद्वाजाच्या पाटीशी उभी राहून म्हणाली. "पर आजी म्हणल्या भारद्वाज लिव्हा, मग भारद्वाज. आजींचा शब्द."

पहिल्या पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "नावे : इंदूआजी, दहिवली." इंदूनं मला ते बोटानं दाखवलं नाही. नुसती त्या पाटीपाशी उगाच थांबून राहिली, मी वाचेपर्यंत. तिच्या नावापुढे गाव म्हणून दहिवली लागलं होतं. जावयाचं घर नाही, तिचं स्वतःचं गाव. मी वाचलं, तिचा हात दाबला. इथवर सगळं गोड होतं.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. आमची ज्वारीची भाकरी चावून खायची, ही तोंडात घातली की सरते. मी बार्शीहून शेंगाची चटणी नेली होती, ती दत्तूभाऊंनी नाक पुसत पुसत संपवली.

दुपारी सोसायटीतली आठ-दहा माणसं आली, इंदूच्या रविवारच्या फेरीतली. गावातल्या बायकाही जमल्या. आणि सुगंधाकडे उतरलेले एक गृहस्थ होते, गळ्यात हाताएवढा कॅमेरा. सगळे पाट्या बघत बांधावरून निघाले. इंदू पुढं, एकेका पाटीशी थांबून सांगतेय. पोरं टाळ्या वाजवताहेत.

खंड्याच्या पाटीशी ते कॅमेरेवाले गृहस्थ म्हणाले, "व्हाइट-ब्रेस्टेड किंगफिशर? हे नाव बदललंय ना?"

त्यांनी विचारलं होतं कुणा एकीला नाही, हवेतच. इंदू गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आमच्या खेळात एक अडखळली की दुसरीनं पुरं करायचं असतं. ती त्याच विश्वासानं बघत होती.

आणि मी म्हटलं, "हो. व्हाइट-थ्रोटेड किंगफिशर."

"करेक्ट, मॅडम!"

आता या वयात, सातवी शिकलेल्या बाईला, एवढ्या लोकांत कुणी मॅडम म्हणावं! काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. पुढची पाटी हळद्याची, गोल्डन ओरिओल. मी न विचारता बोलले, "आता याला इंडियन गोल्डन ओरिओल म्हणायचं." "करेक्ट!" भारद्वाजाशी आलो. "क्रो फेझंट हे फारच जुनं. ग्रेटर कूकल." "अगदी करेक्ट! मॅडम, तुम्ही नावं द्यायला हवी होती." लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, बाई, पाटीमागून पाटी सुटलेच. इंदू पुढं होती ती कधी मागं पडली, माझ्या लक्षातही आलं नाही.

ते गृहस्थ म्हणाले, "बाहेरचे पक्षीवाले येतात इथं. असली नावं बघितली तर हसतील हो."

'असली'. हा शब्द त्यांचा, पण तिथवर त्यांना नेलं मीच.

दत्तूभाऊ ब्रश हातात घेऊन उभे. "मग काय करू आजी? पुसू?"

इंदू पुढं आली, त्यांच्या हातातलं थिनरचं फडकं तिनं काढून घेतलं आणि स्वतः भारद्वाजाच्या पाटीवरचं इंग्रजी नाव पुसलं. रंग ओला होता, लगेच निघाला. पिवळ्या पत्र्यावर काळा फरकाटा राहिला आणि थिनरचा उग्र वास. "सांग गं शकू," ती म्हणाली, "तू सांग, हे लिहितील."

मी सांगितलंसुद्धा! गप्प नाही राहिले. वेड्या राघूच्या पाटीशी आलो. तिथं इंदूचं स्मॉल ग्रीन बी-ईटर होतं. मी म्हटलं, "यातला स्मॉल काढा, नुसतं ग्रीन बी-ईटर." तर कॅमेरेवाल्यांनी फोन काढला आणि म्हणाले, "नाही मॅडम, ताज्या यादीत एशियन ग्रीन बी-ईटर आहे. तुमचंही जुनं झालं!" सगळे हसले. मीही हसले. वळून बघितलं तर इंदू हसत नव्हती. आमचा नियमच होता तो. दुसरीचं अडखळलं तर हसायचं नाही. तिनं तो तेव्हाही पाळला.

संध्याकाळी सुगंधानं पोपटी लावली. आमचा हुरडा तशी इकडची ही पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, रताळी, अंडी भरायची, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाल्याचा वास शेंगेच्या आतपर्यंत जातो. केळीच्या पानावर ओतली की सगळे बोटं भाजत खातात. इंदूनं दोन शेंगा सोलून तशाच हातात धरल्या होत्या.

"आजी, खात का नाय?"

"दाढ दुखतेय गं," इंदू म्हणाली.

रविवार, पुन्हा तळं

रात्रीच दहिवलीला परतलो होतो, पण रविवारच्या फेरीला इंदू उठली नाही. म्हणाली, "तू जा घेऊन त्यांना. तुझी नावं बरोबर असतात." ओरखडा नव्हता आवाजात. तेच वाईट होतं. टोचून बोलली असती तर मी भांडले असते, रडले असते, मिटलं असतं.

गेले. लोक आले होते. पाखरं कुठं बसतात ते मला काय ठाऊक? उगाच इकडंतिकडं हिंडवलं. एक बाई सारखी विचारत होती, "इंदूआजी आजारी आहेत का?" पुलाजवळ पोचेस्तोवर निम्मे जण काही ना काही काम काढून परत गेले होते.

तेव्हा मनानं घेतलं, हे आपण निस्तरायचं. मंजूला बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि रिक्षा केली, तडक खालापूरकडच्या त्या गावाला. दत्तूभाऊंना म्हणणार होते, जुनी नावं होती तशी परत काढा, मी आणि ते कॅमेरेवाले, दोघांनाही गेले खड्ड्यात म्हणा.

बांधावर पहिल्या पाटीशी आले आणि पाय थांबले. तळाची बारीक अक्षरं नवी होती, ओली, चकचकीत.

"नावे : शकुंतलाबाई, बार्शी."

मागून सुगंधा आली. आज तिनं पाणी विचारलं नाही. "आजींनी सकाळीच फोन क्येला," ती म्हणाली. "म्हणल्या, नावं आता तिची हायत, मग खाली नाव तिचंच लावा, माझं ठेवू नका, लोकांची फसवणूक नको."

"अगं पूस ते! आधी पूस!"

"मावशी, तुमी पाव्हण्या, मोठ्या, म्हणून बोलत नव्हते. पर आता बोलते." तिनं पदर कमरेला खोचला. "आमाला काय, कूकल म्हणा नाय तर फूकल म्हणा, आमचा तो कुकुडकोंबाच. पाखराला काय फरक पडतो? पर म्हातारीला चार माणसांत खाली पाडलंत तुमी. लेकीच्या घरात ऱ्हाते ती. तिच्याकडं दुसरं होतं काय सांगायला?"

मी खाली बसले. बांधावरच, मातीत.

"घरात सांगितलं असतंत ना," ती जरा मऊ होऊन म्हणाली. "आजीनं आपणच बदलून घेतलं असतं, आनि आमाला सांगितलं असतं, माझ्या शकूनं नवं शिकवलं म्हणून. तुमचं बी झालं असतं, तिचं बी."

शुक्रवारची रात्र डोळ्यांपुढं आली. दोन गाद्या शेजारी शेजारी, आणि नव्या नावांचं मी काढलंच नाही.

दत्तूभाऊ आले. मी हात जोडले, "भाऊ, जुनं लिहा. खाली इंदूचं नाव लिहा."

ते पत्र्यावरून बोट फिरवत म्हणाले, "मावशी, पुसपुसून पत्र्याचा पिवळा निघाया लागला. आनि असं हाय बघा, आजी म्हणल्या तुमचं लावा, तर मी लावलं. आता आजी म्हंतील तेव्हाच पुसंन. तुमी सांगून नाय."

संध्याकाळी इंदूशी बोलले. ती भाजी निवडत होती, पलंगाच्या कडेवर बसून. म्हटलं, "इंदे, चुकलं गं माझं. नावं बरोबर असतील, पण मी चुकले."

"काय चुकलं? लोकांना जुनं शिकवत होते, तू सावरलंस." मेथीचं एक पिवळं पान तिनं बाजूला काढलं.

"दत्तूभाऊंना फोन कर. तुझं नाव लावू देत."

"असू दे गं. कुणाचं तरी असायचंच ना खाली."

"आणि रविवारची फेरी? पुढच्या रविवारी जाशील ना?"

"बघू. मंजूची पण रविवारी दमछाक होते, घरात हाताखाली कुणी लागतं." मग उठून जुडीच्या काड्या कचऱ्यात टाकायला गेली. मंजू दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला इंदूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवार, कर्जत स्टेशन

पोचवायला इंदू आली. मी नको म्हटलं तरी माझी पिशवी तिनंच धरली. वाटेत डब्यात काय काय दिलंय ते सांगत होती: तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं वेगळ्या डबीत, सांडलं तर साडी पिवळी होईल, जपून. पाहुण्याचं जेवढं करायचं तेवढं सगळं केलं तिनं. पाहुण्याचं.

प्लॅटफॉर्मच्या टोकाशी, रुळांपलीकडं झुडपं माजली आहेत. गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. तिथनं आवाज आला, ऊप, ऊप, ऊप. मग ते तांबडे पंख झुडपातून खाली उतरले आणि आपल्या थाटात रुळांच्या कडेनं चालायला लागले. प्रवासाला निघताना भारद्वाज दिसणं म्हणजे केवढा शुभशकुन! माझ्या काळजात एकदम आशा आली. म्हटलं, देवानंच पाठवलाय. मी तिच्याकडे वळले आणि जुन्या ठसक्यात, सगळा प्लॅटफॉर्म ऐकेल असं म्हटलं, "क्रो फेझंट!"

आणि थांबले. आता ती म्हणेल, म्हणून.

इंदूनं पाखराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. डोळ्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. शाळेत बाईंनी उभं केल्यावर पोरगी जशी जपून उत्तर देते, तशी हळू म्हणाली,

"ग्रेटर कूकल. बरोबर ना?"

गाडी आली. तिनं पिशवी आत चढवून दिली आणि डबा सरळ ठेवलाय ना, ते खिडकीतून वाकून पाहिलं.